तुळशीदासला काय झालंय?

"महाराज, आमच्या तुळशीदासला नेमकं काय झालंय?"

हा प्रश्न कुशाबा महाराजांच्या भर सभेत उभं राहून विचारून दाखव, अशी पैज कांबळी आणि परब यांनी माझ्याशी लावली होती. नववी 'ब'मध्ये आम्हा तिघींचा एकच बाक. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माझा आवाज जरा जास्तच वाढलाय, असं त्यांचं म्हणणं. तो घोडपदेवच्या हॉलमध्ये टिकतो का, ते त्यांना बघायचं होतं.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बायका भिंतीपर्यंत, पुरुष जिन्यात, चपलांचा ढीग रस्त्यावर. दारात जगन नावाचा टिळेवाला माणूस प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घेत होता. आजारी माणसाचं नाव आणि जन्मतारीख, बस. मग तासभर भजन. मग पडद्यामागून एकेकाचं ताट यायचं, ताटात नारळ, आणि कुशाबा महाराज तो नारळ उचलून न्याहाळत माणसाच्या पोटातलं सांगायचे.

"उजव्या मूत्रपिंडात खडा. सात मिलिमीटर."

"डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशनची सतरा तारीख पडलीय."

ज्याचं सांगितलं तो हात जोडून खाली बसायचा आणि हॉलभर जयजयकार व्हायचा. मधून मधून महाराजांचं प्रवचन. "ब्रह्मांड म्हणजे काय? मोठा सर्व्हर. तुम्ही सगळे लोकल, मी डायरेक्ट कनेक्शन. डॉक्टर मशीनमधून बघतो, म्हणून बिल लावतो. मी नारळातून बघतो. नारळाला वीज लागते का?"

लोक माना डोलवत होते. नारळाला वीज लागत नाही, हे तर खरंच.

माझ्या प्रश्नावर महाराजांनी नारळ दोनदा फिरवून पाहिला. "वायू. पोटात वायू धरलाय. पितरांचं काहीतरी करायचं राहिलंय."

कांबळीने ओढणी तोंडात कोंबली. कारण तुळशीदास म्हणजे आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला हाडांचा सापळा. जन्मतारीख मी एक मे एकोणीसशे साठ टाकली होती, कारण तेवढी एकच तारीख पाठ होती.

पण हसू फार टिकलं नाही. पुढचं ताट आमच्या शेजारच्या कमळामावशींचं होतं.

"डाव्या छातीत गाठ," महाराज म्हणाले. "चौदा तारखेला ऑपरेशन. करायचं नाही. अंगारा लाव, एकवीस दिवस."

कमळामावशींनी नारळाला हात जोडले. ऑपरेशन रद्द करायचं त्यांनी तिथेच ठरवलं.

"तेका सगळा दिसता गो मंजू," घरी येताना त्या म्हणाल्या.

"मग आमचा तुळशीदास कसा नाही दिसला?"

"तुझो विश्वास नाय, म्हणान."

"गाठीचं कुणाकुणाला माहीत होतं, मावशी?"

"डॉक्टराक. माझ्या झिलाक. आणि तो मेडिक्लेमचो कागद, तो तुझ्या बापाशीकडे गेलो तेवढोच."

लालबागपर्यंत माझ्या डोक्यात तो कागदच फिरत होता.

माझे बाबा, लवू, एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीत आहेत. मेडिक्लेमचे आलेले कागद ते कॉम्प्युटरवर स्कॅन करतात आणि अर्ज त्यांच्या मशीनवरून पुढे जातात. घरी ते कधी कुणाचं नावसुद्धा काढत नाहीत. कंपनीची काचेची इमारत ज्या जागेवर आहे, तिथे आधी गिरणी होती आणि त्या गिरणीत माझे आजोबा गणपत मागावर होते. संप झाला तेव्हा बाबा नववीत होते. शाळा सुटली ती सुटलीच. कॉटन ग्रीनच्या गोदामात त्यांनी कापसाच्या गाठी उचलल्या, म्हणून त्यांची धाकटी बहीण, माझी दमयंती आत्या, इंजिनिअर झाली. या नोकरीला लागेपर्यंत बाबांची तिशी उलटली होती. नोकरी गेली की काय होतं, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाबा जेवायला बसतानासुद्धा खिशावर हात ठेवून ओळखपत्र आहे ना ते चाचपतात.

आत्याही त्याच कंपनीत, चौदाव्या मजल्यावर. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी चोरून शिरलं की ज्या अकरा जणांची धावपळ सुरू होते, त्यांची ती प्रमुख. त्याच आठवड्यातल्या शनिवारी संध्याकाळी ती आमच्याकडे आली ती सरळ ऑफिसातून. दोन दिवस घरी गेली नव्हती. हातात तिची लांबट वही होती. तिच्यात तीनच रकाने: वेळ, कोण, काय दिसलं. मताला रकाना नाही. "मत नंतर," ती म्हणायची. "आधी काय दिसलं ते लिही."

आईने चहा ठेवला. आत्याने तो तसाच राहू दिला.

"दादा, कंपनीतून लोकांच्या आजारांची माहिती बाहेर जातेय. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास. आम्ही मागे मागे जात पहिल्या मशीनपर्यंत पोचलो." ती थांबली. "ते मशीन तुझं आहे."

बाबांचा हात खिशावर गेला.

"मी काय केलं, दमे? मी तर फक्त..."

"गेल्या दसऱ्याला सुरू झालंय. पूजेच्या दिवशी त्यात काही लावलं होतंस?"

गिरण्यांमध्ये दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची. आजोबा मागाला झेंडूची माळ घालायचे. गिरणी गेली, रीत राहिली. आता कॉम्प्युटरला माळ घालतात आणि त्या दिवशी घरच्यांनाही ऑफिसात बोलावतात. गेल्या दसऱ्याआधी कुशाबा महाराजांनी ऑफिसात जाणाऱ्या भक्तांना खास प्रसाद वाटला होता. कुंकू लावलेला पेन ड्राइव्ह, आत यंत्रस्तोत्र. आईने तो बाबांना दिला. प्रसादाला नाही कोण म्हणतं?

"मी लावला," बाबा म्हणाले. "स्तोत्र वाजलं, मी हात जोडले."

आत्याने वहीत लिहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्या पाहण्याचा अर्थ होता, गप्प बस.

कारण तो पेन ड्राइव्ह मी लावला होता. बाबांना तो नेमका कुठे घालायचा ते कळत नव्हतं. "बाबा, सरका हो, मला येतं," असं म्हणत मी खुर्चीत बसले होते. आजूबाजूच्या काकांनी कौतुकही केलं होतं.

"स्तोत्र वाजतं ते ऐकायला," आत्या सांगत होती. "त्याच वेळी मागे एक प्रोग्राम मशीनवर उतरतो आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक अर्जाची नक्कल जमवून रोज संध्याकाळी बाहेर पाठवतो. कुणाला पाठवतो, ते अजून सापडलेलं नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. तेवढं तरी बोलता आलं. मग चिठ्ठी, भजन, पडदा, नारळ, कमळामावशी, तुळशीदास, सगळं सांगितलं. आत्या वेळा विचारून विचारून लिहीत गेली.

"तुझं मशीन मी बंद केलेलं नाही, दादा," शेवटी ती म्हणाली. "बंद केलं तर त्याला कळेल. ते मी बाकीच्यांपासून तोडलंय. खरा अर्ज आता त्यावर एकही जाणार नाही. त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी उघडी आहे. सोमवारी त्या वाटेवर एक खोटा अर्ज ठेवते. पोलिसांशीही बोलते."

"तुळशीदासचा ठेव," मी म्हणाले. "एक मे एकोणीसशे साठ. मी एकदा विचारलंय, परत विचारलं तर संशय येणार नाही."

आई मध्येच म्हणाली, "वन्सं, एक सांगू? तुमच्या अहवालात यांचं नाव नका घालू."

"वहिनी, माझ्या भावाचं मशीन आहे, हे मी दुपारीच वरच्या साहेबांना सांगून आले." आत्याचा आवाज बसला होता. "पहिली जागा खोटी लिहिली तर बुजवणार कुठलं भोक? महिन्याभरात दुसरा कोणी त्याच वाटेने येईल. चौकशी होणार. दादाच्या नोकरीचं काय होईल, ते माझ्या हातात नाही."

तिने चहा एका घोटात संपवला आणि गेली.

चौदा तारीख आली तशी गेली. कमळामावशी अंगारा लावून दारात बसल्या.

पुढच्या रविवारी मी पुन्हा हॉलमध्ये चिठ्ठी दिली. शेवटच्या रांगेत आत्या होती, तिच्या शेजारी साध्या कपड्यातले दोन पोलीस. पुढे कमळामावशी. आवाज फुटेल की नाही, याची या खेपेला मलाच खात्री नव्हती.

"महाराज, आमच्या तुळशीदासला नेमकं काय झालंय?"

महाराजांनी नारळ उचलला. "पित्ताशयात खडे. तीन. येत्या गुरुवारी ऑपरेशन ठरलंय. करू नका."

"पण मागच्या वेळी तुम्ही वायू म्हणाला होतात."

"तेव्हा तुझी श्रद्धा कच्ची होती, बाळ. आता लाइन क्लिअर आहे."

"महाराज, तुळशीदासला पित्ताशय नाही," मी म्हणाले. "पोटच नाही. तो आमच्या शाळेतला सापळा आहे. त्याच्या तीन खड्यांची गोष्ट माझ्या आत्याने सोमवारी रचली आणि एकाच मशीनवर ठेवली. ती तुम्हाला नारळाने सांगितली की त्या मशीनने?"

जगन पडद्याकडे पळाला, पण पोलीस आधी पोचले. पडदा बाजूला झाला. मागे टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. नाव आणि जन्मतारीख टाकली की माणसाचा अर्ज समोर यायचा. जगन त्यातल्या दोन ओळी कागदाच्या कपट्यावर उतरवून नारळाखाली ठेवायचा. मग महाराज नारळ उचलून ते 'सात मिलिमीटर'सकट वाचून दाखवायचे.

लॅपटॉपच्या स्क्रीनवर नावांची लांब यादी होती. कमळामावशी पुढे गेल्या, डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"ह्या माझा नाव," त्या म्हणाल्या. एवढंच.

त्यांनी त्याच दिवशी मुलाला फोन करून नवी तारीख घ्यायला लावली. गेलेल्या दिवसांनी काय केलं, ते ऑपरेशन झाल्यावरच कळेल.

आम्ही घरी आलो तेव्हा बाबा शर्ट इस्त्री करत होते. सोमवारी अकरा वाजता चौकशी होती.

"झालं ना सगळं?" बाबा म्हणाले. "उद्या वेळेवर शाळेत जा."

"उद्या मी शाळेत जाणार नाही," मी म्हणाले. "तुमच्याबरोबर चौदाव्या मजल्यावर येणार आहे. पेन ड्राइव्ह मी लावला, ते सांगायला."

आई पोळपाट सोडून उठली. "वेड लागलंय का तुला? बाहेरच्या माणसाला मशीनला हात लावू दिला, हे कळलं तर यांना आणखीच धरतील."

"धरतील कदाचित. पण त्या दिवशी शेकड्याने घरची माणसं आत आली होती, आई. कुणीही काहीही लावलं असतं. बाबांनी लावला असं लिहिलं, तर ती वाट कुणाला दिसणारच नाही. मग पुढच्या दसऱ्याला दुसरा महाराज, दुसरा प्रसाद. आपल्याला काय माहीत आहे, ते आपण लपवून ठेवतो. जे लपवतो तेच कुणीतरी चोरतं आणि नारळ बघून आपल्यालाच सांगतं. आपण पाया पडतो. एकदा तरी आधी विचारायचं ना, की तुला हे कुणी सांगितलं?"

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं. "मला नववीत शाळा सोडावी लागली," ते म्हणाले. "तुझी सुटू नये, एवढंच बघत होतो."

"एका दिवसाने नाही सुटत. मी येणार म्हणजे येणार. आत्याच्या वहीत लिहायला सांगणार आहे. वेळ, दसऱ्याच्या पूजेची, सकाळचे साडेदहा. कोण, मंजुळा लवू सावंत. काय दिसलं, तर तिने पेन ड्राइव्ह लावला आणि विचारलं काहीच नाही."

बाबांनी खिशावर हात ठेवला. मग इस्त्रीचं बटण परत चालू केलं आणि म्हणाले, "तुझा युनिफॉर्म आण. तोच घालून चल."