घंटेआधी चेंडू नाही

मुकादमांनी गोल्फचा चेंडू ग्रीनच्या, झेंड्याभोवतालच्या हिरवळीच्या, वरच्या कडेला ठेवला आणि बोट अलगद काढून घेतलं. चेंडू क्षणभर जागीच थांबला. मग आपणहून निघाला, झेंड्याकडे जातोय असं वाटेपर्यंत डावीकडे वळला आणि बारीक कापलेल्या गवतावरून घरंगळत ग्रीनच्या पार बाहेर जाऊन पडला.

"बघितलंत जावईबापू? वरून येणाऱ्याला इथे माफी नाही. झेंड्याच्या खाली राहायचं आणि चढत यायचं. ज्याने हे आखलं ना, त्याने आधी डोंगराला विचारलंय."

जावयाने मान डोलावली, पण त्याचं लक्ष चेंडूकडे नव्हतंच. तो सासऱ्यांचा हात बघत होता. हात थरथरला नव्हता. वाकताना तोल गेला नव्हता. सकाळपासून त्यांनी कुठलीच गोष्ट दोनदा विचारली नव्हती. म्हणजे एक विचारली होती, पण तेवढं कोण धरून बसतं?

गोल्फची मैदानं आखणं हा जावयाचा धंदा. डोंगराच्या एका अंगाला हे वरचं मैदान, दुसऱ्या अंगाला खालचं, दोन्ही जुनी. दोन्हींची देखभाल क्लबला झेपेना, म्हणून दोन्हींतली चांगली होल्स, म्हणजे मारायच्या जागेपासून झेंड्यापर्यंतचे पट्टे, निवडून एकच मैदान करायचं ठरलं होतं, आणि कुठलं होल राहील, कुठलं जाईल हे सांगायला त्याला बोलावलं होतं. वरच्या मैदानाचं गवत त्याच्या सासऱ्यांनी उभा जन्म राखलं होतं. निवृत्त झाले तरी ते कुंपणालगतच्या दोन खोल्यांतच राहत, आणि सगळे त्यांना अजून मुकादमच म्हणत. त्यांच्याइतकी या उतारांची माहिती दुसऱ्या कोणाला असणार? म्हणून त्यांना बरोबर घेतलंय, असं त्याने क्लबच्या चिटणिसांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

खरं कारण सकाळी बायकोने चहाबरोबर पुढ्यात ठेवलं होतं. मागच्या आठवड्यात बाबांनी गॅसवर दूध ठेवलं आणि दाराला कुलूप लावून ते फिरायला निघून गेले. शेजाऱ्यांनी खिडकी फोडली म्हणून निभावलं. तिचं म्हणणं, आता त्यांना आपल्याकडे आणायचं. याचं म्हणणं, वय झालं की माणूस विसरतोच, मी नाही का विसरत? मुकादमांना या डोंगरावरून हलवायचं म्हणजे झाड उपटून कुंडीत लावायचं. या वादात दोघांचं धड जेवण होत नव्हतं.

"आज दिवसभर ते तुझ्याबरोबर आहेत," ती म्हणाली होती. "नीट बघ आणि मला खरं काय ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस. आणि हे बघ, त्यांना एकटं सोडू नकोस."

"अगं, लहान मूल आहेत का ते?"

त्यावर ती कप उचलून आत निघून गेली होती. तेच त्याला सकाळपासून टोचत होतं.

चिटणीस झाडाखाली उभे राहून घड्याळ बघत होते. त्यांचा जीव खालच्या मैदानात होता. सकाळी ते मैदान दाखवताना त्यांचा पाय जमिनीवर नव्हता, आणि उगाच नव्हता. तिथलं दरीवरून मारायचं छोटं होल खरोखरच देखणं होतं. डोंगराच्या एका सोंडेवर ताटलीसारखं ग्रीन, मधे नुसती दरी, आणि सगळं डोळ्यांसमोर. भीती वाटायची ती बघून वाटायची. बाकी ठिकाणी मात्र यंत्रं लावून उताराच्या पायऱ्या केल्या होत्या. चेंडू पडेल तिथेच राही.

वरच्या मैदानात तशी सोय नव्हती. इथे कोणी माती हलवलीच नव्हती. गवताचा पट्टा डोंगराच्या कुशीवरून तिरका जायचा आणि मधोमध मारलेला चेंडू गुपचूप उजवीकडच्या झाडीत पोचायचा. चौथ्या होलला तर चढावर कमी पडलेला चेंडू परत मारणाऱ्याच्या पायाशी यायचा.

"दुरून डोंगर साजरे, साहेब," चिटणीस म्हणाले. "तुम्हाला आखणी सुंदर दिसते. खेळणाऱ्याला विचारा. तो शिव्या घालतो."

"घालतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो," मुकादम म्हणाले.

जावयाला हसू आलं. त्याने उताराची नोंद करायला पेन्सिल शोधली. खिशात नाही, पिशवीत नाही, दुसऱ्या खिशात नाही.

"काखेत कळसा," मुकादमांनी त्याच्या कानाकडे बोट दाखवलं. "आणि म्हणे आम्ही विसरतो."

चिटणीससुद्धा खो खो हसले. जावयाने कानावरची पेन्सिल काढली आणि त्याला एकदम हलकं वाटलं. बायकोला काय सांगायचं ते त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ठणठणीत आहेत. माझीच फिरकी घेत होते.

"चिमणी नाही आली?" मुकादमांनी विचारलं.

चिमणी म्हणजे त्याची बायको. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या केसांत पांढरं डोकावू लागलं, तरी बाबांची ती चिमणीच.

"ती कामावर गेलीय, बाबा."

"हां, हां. सांगितलंत तुम्ही मघाशी."

सांगितलं होतं खरं. आणि मघाशी सांगितल्याचं त्यांच्या लक्षात होतं, म्हणजे काळजीचं कारण नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

मग सातवं होल आलं. सगळा वाद या सातव्यावरच होता. दोन्ही मैदानांचं सातवं होल डोंगराची धार ओलांडून पलीकडे उतरायचं. खालच्या मैदानाने ती धार केव्हाच कापून टाकली होती; आता मारायच्या जागेवरून झेंडा सरळ दिसे. वरच्या मैदानात धार जशीच्या तशी होती. मारणाऱ्याला दिसायचं ते गवत, आभाळ आणि धारेवर रोवलेला एक पांढरा खांब. खांबाच्या रोखाने मारायचं. ग्रीन पलीकडे, खोलगट जागेत, आणि ग्रीनशेजारी लाकडी चौकटीत टांगलेली पितळी घंटा. पुढचे लोक खेळून ग्रीनवरून बाहेर पडले की दोरी ओढायची. घंटा ऐकू आली की मागच्याने मारायचं. तोवर नाही.

"न दिसणाऱ्या माणसाच्या भरवशावर मारायचं, हे काय होल झालं?" चिटणीस म्हणाले. "एखादा विसरला घंटा वाजवायला, तर?"

"तर उभं राहायचं," मुकादम म्हणाले. "घंटेआधी चेंडू नाही."

"तुम्ही एक मारूनच बघा, साहेब. म्हणजे कळेल मी काय म्हणतो ते."

"मी जातो घंटेला," मुकादम निघालेसुद्धा. "टांगली पण मीच आहे ती."

जावयाने तोंड उघडलं. थांबा, मी येतो, एवढेच शब्द होते. पण चिटणिसांच्या देखत ते बोलायचं म्हणजे म्हाताऱ्याला त्याच्याच मैदानावर चारचौघांत उघडं पाडायचं. त्याने तोंड मिटलं. मुकादम कंबरेवर हात ठेवून, सवयीच्या पायवाटेने धार चढून गेले. टोपी दिसत राहिली, मग तीही दिसेनाशी झाली.

त्याने खुंटी टोचली, वर चेंडू ठेवला आणि वाट बघू लागला.

वारा होता. गवत एका अंगाला झुकत होतं आणि सरळ होत होतं. पलीकडून काहीच आवाज आला नाही. खाली उतरायला वेळ लागतोच, त्याने मनाशी हिशेब केला. गुडघे दुखतात त्यांचे. मग तो वेळही उलटून गेला. पलीकडच्या बाजूला कुंपण कुठपर्यंत आहे, हे तो आठवू लागला. ग्रीनच्या मागे उतार आहे, त्याच्या खाली ओढा आहे, ओढ्यावर साकव आहे की नुसते दगड? सकाळी नकाशात पाहिलं होतं. आठवेना. 

"वाजली असेल हो," चिटणीस म्हणाले. "वारा उलटा आहे. मारा तुम्ही."

"ऐकू आली नाही."

"मुकादम आहेत ते. जन्म गेला त्यांचा यात. ते काय घंटा विसरणार आहेत?"

हेच तर त्यालाही हवं होतं. घंटा वाजलीच असेल. वाऱ्याने नेली असेल. आपण मारला तर सगळं नेहमीसारखं आहे, आणि नाही मारला तर नाही. त्याने मारायची काठी हातात फिरवून नीट पकडली, खांबाकडे पाहिलं, पाय रोवले. काठी खांद्यापर्यंत वर गेली आणि तिथेच राहिली. 

त्याने काठी खाली ठेवली.

"मी बघून येतो. घंटा ऐकल्याशिवाय मारू नका."

"अहो पण..."

"मारू नका!" तो ओरडलाच.

धार चढताना तो जवळजवळ पळत होता. चिमणीला काय सांगू, चिमणीला काय सांगू, एवढंच डोक्यात. बायकोला तो कधी चिमणी म्हणत नसे. पण आत्ता तेच नाव येत होतं.

माथ्यावर पोचला आणि त्याला खालचं ग्रीन दिसलं. मुकादम घंटेपाशी ताठ उभे होते. हातात दोरी होती. आधी त्याच्या जिवात जीव आला, आणि मग असा राग आला की ज्याचं नाव ते.

"बाबा! वाजवा ना!"

मुकादमांनी मोकळा हात वर करून त्याला थोपवलं. नजर मात्र ग्रीनच्या डावीकडे, वाळूच्या बंकरवर होती. तो धापा टाकत ग्रीन ओलांडून जवळ गेला.

"काय झालं?"

"चिमणी आहे ना खड्ड्यात," ते दबक्या आवाजात म्हणाले. "कधीची हाका मारतोय. वाळू दिसली की या पोरीला भान राहत नाही. घरं बांधत बसते. आणि पलीकडे कोणीतरी मारायला उभा आहे."

बंकर रिकामा होता. दाताळं फिरवलेल्या वाळूवर समांतर रेघा होत्या, एका पाखराच्या पायाचेसुद्धा ठसे नव्हते.

चिमणी कामावर गेलीय, बाबा. हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं. सकाळपासून सांगतोय तेच. पण त्याने सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते घाबरले होते. ते वेडगळ नव्हते दिसत, हरवलेलेही नव्हते दिसत. ज्याचं मूल चेंडूच्या वाटेत बसलंय असा बाप दिसावा तसे दिसत होते. दोरीवरची बोटं पांढरी पडली होती. तो स्वतः धार चढून आला तो काही वेगळ्या तोंडाने आला नसणार.

तो बंकरच्या काठाशी गेला आणि वाकला.

"चल गं चिमणे," तो म्हणाला. मग मुकादमांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला. "चल, बाहेर ये. बाबा वाट बघतायत."

वाळूवरून वारा गेला.

"आली का?" मागून मुकादमांनी विचारलं.

"आली."

"हात धरा तिचा. उतार आहे तिथे."

त्याने हात खाली केला, लहान मुलाच्या उंचीवर, बोटं अर्धी मिटून. आणि लहान मुलाला झेपतील अशी पावलं टाकत तो ग्रीनच्या कडेने चालत आला. मुकादम त्याच्याकडे बघत नव्हते. त्याच्या हाताखाली बघत होते.

"अशी इकडे उभी राहा, बाळा. माझ्या मागे," ते म्हणाले. तिघांना पुरेल एवढी जागा त्यांनी करून दिली आणि दोरी ओढली.

घंटा खणखणीत वाजली. थोड्या वेळाने धारेवरून चेंडू आला, आभाळात दिसला, ग्रीनच्या वरच्या कडेला पडला. क्षणभर थांबला. मग डावीकडे वळला आणि घरंगळत बंकरमध्ये, वाळूच्या अगदी मधोमध गेला.

"बघितलंत?" मुकादमांनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणून सांगतो."

चिटणीस धापा टाकत खाली आले. आपला चेंडू कुठे गेला ते बघून त्यांचं तोंड पडलं.

"एवढा वेळ कसला लागला?"

"ग्रीनवर कोणीतरी होतं," जावई म्हणाला.

"कोण?"

"गेलं आता."

चिटणिसांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नाद सोडला. "मग काय ठरलं? कापायची ना ही धार?"

"नाही. हे होल राहील. आहे तसं."

"अहो, एवढं डोळ्यांनी बघून?"

"घंटा वाजली नाही, म्हणून आपण थांबलो. कोणाला लागलं नाही," तो म्हणाला. मी मारणार होतो, हे त्याने सांगितलं नाही. "मात्र घंटेपाशी एकट्या माणसाला पाठवायचं नाही."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तो घेऊन थोडा लांब, चौकटीच्या पलीकडे गेला.

"जेवलात का? बाबा कसे आहेत?" बायको घाईघाईत विचारत होती. "एकटं नाही ना सोडलंस?"

"सोडलं होतं."

 फोनवर तिच्या मागे कोणाचीतरी बोलणी, खुर्ची सरकल्याचा आवाज.

"मागची खोली आवरायला घेऊ आपण," तो म्हणाला.

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. एवढे दिवस भांडून तिला हेच हवं होतं, आणि आता मिळालं तर ती रडत होती.

"ते येतील? डोंगर सोडून?"

त्याने वळून पाहिलं. मुकादम बंकरमध्ये उतरले होते. चेंडू उचलून त्यांनी चिटणिसांना दिला आणि दाताळं घेऊन वाळू सारखी करू लागले, मागे मागे सरकत, अख्खा जन्म केली तशी. एका कोपऱ्यापाशी मात्र त्यांनी दाताळं उचललं, तेवढी जागा सांभाळून ओलांडली आणि पलीकडे टेकवलं.

"तू ये न्यायला," तो म्हणाला. "तुझा हात धरून येतील."