किलमोऱ्याचं पवित्र तेल

"आलं! डाव्या डोळ्यातून आलं!"

पुढच्या बाकावरची बाई ओरडली आणि सगळं चर्च गुडघ्यांवर आलं. एरवी आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या किलमोऱ्याच्या चर्चमध्ये रविवारी चाळीस माणसं जमली तरी फादर कॅनिस खूश असायचे. त्या नोव्हेंबरात चारशे जमत होती. स्लायगोहून, गॉलवेहून बसगाड्या भरून लोक येत होते. कुबड्या टेकत आलेले म्हातारे, डोक्याला रुमाल बांधलेल्या कर्करोगाच्या बायका, आजारी लेकरांना उचलून आणलेले बाप. सगळ्यांची नजर वेदीशेजारच्या मरियामातेच्या मूर्तीवर होती. मूर्ती तांब्याची, कमरेएवढी, डोक्यावर मुकुट. तिच्या डोळ्यांतून तेल झरायचं आणि गुलाबाचा वास दरवळायचा.

मूर्ती घेऊन आलेला माणूस स्वतःला ब्रदर फर्गल म्हणवायचा. कुठल्या मठाचा ब्रदर, हे कुणी विचारलं नव्हतं.

"आई रडतेय, लेकरांनो," तो लोण्यासारख्या आवाजात म्हणायचा. "डॉक्टर नाडी बघतो, आई काळीज बघते. डॉक्टर कागद लिहून देतो, आई डोळ्यांतलं पाणी देते. मेणबत्त्या लावा! जेवढ्या ज्योती, तेवढ्या प्रार्थना!"

मूर्तीखालच्या जाळीदार चौथऱ्यात मग पन्नास-साठ मेणबत्त्या पेटायच्या.

मी ऊना हॅनिफी. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर चर्चच्या परदेश-मदत मंडळाचं काम अंगावर घेतलं. मंडळ म्हणजे आम्ही पाच माणसं, हॉलमधलं एक टेबल आणि चहाची किटली. केक विकून, जुने कपडे विकून आम्ही मलावीच्या उत्तरेतला एक छोटा दवाखाना चालवायला हातभार लावायचो. तिथे सिस्टर तेम्वा फेफऱ्याच्या रोग्यांना बघायच्या. फेफरं म्हणजे भुताची झडप नव्हे, मेंदूचा आजार आहे, रोज गोळी घेतली तर आवाक्यात राहतो, एवढं एकच वाक्य घरोघर पटवायला त्यांना नऊ वर्षं लागली होती. त्या गोळ्या आमच्या मदतीतून यायच्या, पाकिटांवर मंडळाचा शिक्का असायचा. शिवाय वर्षातून दोनदा चादरी, चष्मे, वह्या भरून आम्ही एक खोकं पाठवायचो.

"ऊना, यंदाच्या खोक्यात आईचे अश्रूही जाऊ देत," फर्गल म्हणाला. "आफ्रिकेतल्या लेकरांनी काय पाप केलंय?"

मंडळातले बाकीचे हरखले. मला ते पटत नव्हतं, पण एवढ्या उत्साहात तोंड कोण उघडणार! मी साठ लहान बाटल्या चादरीत गुंडाळल्या. प्रत्येक बाटलीला फर्गलचं पत्रक बांधलेलं होतं. 'हे तेल नऊ दिवस कपाळाला लावा. त्या दिवसांत दुसरं औषध घेऊ नका. जो गोळीवर भरवसा ठेवतो, तो आईवर संशय घेतो.'

मी ते पत्रक वाचलं होतं. वाचूनही खोक्याला चिकटपट्टी लावली आणि वर मंडळाचा शिक्का मारला. हे मला लिहावंच लागेल.

फेब्रुवारीत सिस्टर तेम्वांचं पत्र आलं.

'ऊना, मी गावात नसताना खोकं उघडलं गेलं. तुमच्या शिक्क्याच्या विश्वासावर इथल्या बायका इतकी वर्षं गोळ्या घेताहेत. त्याच शिक्क्यावर त्यांनी तेल घेतलं. लुसुंगूच्या आईने लेकीच्या गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी झटका आला आणि मुलगी चुलीत पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला आहे. तीन बोटं कापावी लागली. ती अकरा वर्षांची आहे. तिची आई मला विचारते, आमची श्रद्धा कुठे कमी पडली? तिला मी काय सांगू?'

पत्र घेऊन मी तडक फर्गलकडे गेले. तो फादरांच्या स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत बसला होता. त्याने पत्र वाचलं, बोटं पुसली.

"नऊ दिवस पुरे झाले होते का?"

"पाचव्या दिवशी पडली ती."

"मग बघा! नववा दिवस उजाडूच दिला नाही."

"तिची बोटं गेली, फर्गल."

"देहच तो, ऊना. आईला देहापलीकडचं दिसतं." आणि त्याने पाव तोंडात घातला.

मी हॉलमध्ये आले. लिसम्मा तिथे कपड्यांच्या घड्या घालत होती. ती केरळची, आमच्या वृद्धाश्रमात नर्स होती आणि सुट्टीच्या दिवशी मंडळाला मदत करायची. मला ती चेची म्हणायची, म्हणजे तिच्या भाषेत ताई. मी पत्र तिच्यापुढे केलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं. मग ती उठून खिडकीपाशी गेली. तिथे तेलाच्या उरलेल्या बाटल्या होत्या. तिने एक उचलली, उलटी केली. आतलं काही हललं नाही.

"चेची, हे तर थिजलंय."

"थंडी आहे ना."

"या थंडीत स्वयंपाकघरातलं तेल थिजतं का तुमचं? माझं केसांचं खोबरेल मात्र असंच दगड होतं. रोज सकाळी हीटरवर ठेवावं लागतं." तिने झाकण काढून थेंबभर गोळा तळहातावर घेतला. तो बघता बघता वितळला. "खोबरेलच आहे. वर गुलाबाचं अत्तर ओतलंय. मूर्ती रडते कधी?"

"मेणबत्त्या पेटल्यावर थोड्या वेळाने."

"आणि बिनमेणबत्तीची कधी रडलीय?"

मी आठवून पाहिलं. एकदाही नाही.

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर मी फादरांना म्हणाले, "आज मेणबत्त्या विझवून बघू या."

"ऊना, लोक दुखावतील गं."

मी सिस्टर तेम्वांचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, पुन्हा वाचलं. मग मेणबत्त्या विझवायची लांब दांडी घेतली आणि ते मूर्तीकडे गेले.

"फादर! त्या ज्योती म्हणजे लोकांच्या प्रार्थना आहेत!" फर्गल आडवा आला.

"प्रार्थना चालू राहू दे. आग तेवढी विझवतो."

दारं सताड उघडली. समुद्रावरचा गार वारा आत घुसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मूर्तीच्या गालावरचा थेंब खाली सरकता सरकता थांबला. आधी धुरकट झाला, मग पांढराफटक. लिसम्माने पिशवीतून तिची खोबरेलाची बाटली काढून शेजारी धरली. दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

"हा अपमान आहे! आई तुम्हाला क्षमा करणार नाही!" फर्गल ओरडत होता. फादरांनी मुकुट पिरगाळला. बरणीच्या झाकणासारखा तो सुटला. डोक्याच्या पोकळीत पांढऱ्या तेलाचा गोळा बसला होता आणि दोन्ही डोळ्यांना सुईएवढी भोकं होती.

"खालच्या मेणबत्त्यांनी तांबं तापतं," लिसम्मा हळू आवाजात म्हणाली, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "तेल वितळतं, भोकातून गळतं. आग विझली की रडणं बंद."

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. लोक खाली माना घालून बाहेर पडले. त्या गडबडीत फर्गल मूर्ती गाडीत घालून पसार झाला. दारात मला मिसेस टुहींनी अडवलं. त्यांचा मुलगा महिनोन्महिने अंथरुणाला खिळला होता.

"माझ्याकडे तेवढंच उरलं होतं, ऊना. ते काढून घेताना तुला काही वाटलं नाही?"

वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाजवळ जाऊन बसले, एवढंच.

सिस्टर तेम्वांना मी लिहिलं, 'लुसुंगूच्या आईला सांगा, तुमची श्रद्धा कुठेही कमी पडली नाही. फसवलं एका माणसाने, आणि त्याचा माल आमच्या शिक्क्यानिशी मी पाठवला. हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.'

त्यांनी वाचलं. उत्तर आलं की मुलगी पुन्हा गोळ्या घेतेय, सहा आठवड्यांत झटका नाही, डाव्या हाताने अक्षरं गिरवतेय. आई सिस्टरांशी अजून बोलत नाही. गोळी मात्र चुकवत नाही.

मी आजही मिस्सेला जाते, प्रार्थना करते. त्यासाठी डोळे बंद करावे लागतात, डोकं नाही. म्हणून सांगते, पुढे कधी कुणी तुमच्यापुढे चमत्कार मांडला, तर तो कशाने सुरू होतो आणि कशाने थांबतो, एवढं बघा. हात जोडण्याआधी बघा. आणि औषध बंद करा असं कुणी म्हणालं, तर त्याला तोंडावर विचारा, "तुझं चुकलं तर हात कुणाचा भाजणार?"