वणवा ब्रॅग्जच्या अंगात काय येतं

हेलेना गावच्या चर्चमध्ये कुणाच्या अंगात पवित्र आत्मा उतरला, की त्या माणसाला मागून धरायचं काम ओझेला ब्रॅग्जचं. पांढरा गणवेश घालून ती भिंतीशी उभी राहायची आणि बाकांवर नजर ठेवायची. कुणी थरथरायला, नाचायला लागलं की दोन्ही काखांतून हात घालून धरायचं, म्हणजे पडताना डोकं फुटायला नको. इतक्या वर्षांत खरं कोण आणि सोंग कुणाचं, हे तिच्या हातांना आपोआप कळू लागलं होतं. खरा माणूस ओल्या गोधडीसारखा जड होतो. सोंगाड्या हलका लागतो, आणि पडतो तोही बरोबर गालिचा बघून. मिसेस टॉलिव्हर तर नवी टोपी घातली की हमखास पडायच्या. ओझेला त्यांनाही धरायची आणि बाहेर अवाक्षर काढायची नाही.

तिचा मुलगा लिओटिस पूर्वी त्याच चर्चमध्ये पियानो वाजवायचा. आता तो नाचघरांतून वाजवत फिरत होता, आणि भिंतीवरच्या जाहिरातींत त्याचं नाव 'वणवा ब्रॅग्ज' असं झालं होतं. म्हणे तो स्टूल लाथेनं उडवतो, टाचेनं पट्ट्या बडवतो, पियानोच्या डोक्यावर चढून बसतो. पाळकांनी भर उपदेशात सांगून टाकलं की पोरात सैतान शिरलाय, आणि सगळ्या माना ओझेलाकडे वळल्या.

ओझेलाला लाज वाटायला हवी होती, पण वाटलं कुतूहल. याच्या अंगात नक्की येतं तरी काय? कारण याच पोराला तिनं एकदा स्वतःच्या हातांनी धरलं होतं. त्याचे वडील गेले, त्यानंतरच्या रविवारी छोटा लिओटिस वाजवता वाजवता बाकावरून कोसळला आणि तिच्या हातांत जडशीळ झाला. देव अजून आपलं घर विसरलेला नाही, असं तिला त्या दिवशी वाटलं, आणि त्याच एका रविवारच्या जोरावर तिनं पुढचे सगळे दिवस काढले होते. पोरात सैतान असला तर प्रार्थना करता येईल. पण हे नुसतं सोंग निघालं, तर तो रविवार तरी खरा कशावरून?

शनिवारी दुपारच्या प्रार्थनेहून ती तशीच नाचघराकडे निघाली. सोबतीला नणंद ल्युवेनिया होती.

"वहिनी, गणवेशात येतेस? तिथं बायका उघड्या पाठीनं येतात."

"मी काही त्यांच्या पाठी बघायला येत नाहीये. तुला बरं माहीत!"

"मी एकदाच गेले होते. तेही दारातूनच परत फिरले."

"आज उशीर केलात, मिस ल्युवेनिया," नाचघराच्या दारावरचा माणूस अदबीनं म्हणाला, आणि ल्युवेनियाला एकदम खोकल्याची उबळ आली.

लिओटिस मंचावर आला तो चालत नाहीच, धावत. बसायच्या आधीच त्याचा उजवा हात पट्ट्यांवर पडला होता. डावा हात खाली गडगडत होता, उजवा वर नाचत होता, आणि चेहरा तर जणू त्याचा नव्हताच. पहिल्याच गाण्यात स्टूल मागं उडालं. दुसऱ्यात त्यानं टाच वापरली. कोट गेला, केस विस्कटले, तो पियानोवर चढला, उतरला, गुडघ्यांवर आला आणि नखशिखांत थरथरू लागला. लोक किंचाळत होते. ओझेला आपल्याही नकळत टाळ्या वाजवत होती.

मग त्याची मान मागं गेली, डोळे पांढरे झाले, आणि तिचे पाय आपोआप चालू लागले. चर्चमध्ये ती अशीच निघायची. "वहिनी, अगं खाली बस!" ल्युवेनिया मागून ओरडली. पण पांढरा गणवेश बघून लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. त्यांनी हसत वाट करून दिली. ओझेला मंचावर चढली आणि तिनं लिओटिसला मागून काखांतून धरलं.

तो हलका होता. कापसासारखा.

"आई, जरा डावीकडे सर," ओठ न हलवता तो पुटपुटला. "आता मी झाकण आपटणार आहे. बोटं सांभाळ."

ती डावीकडे सरली. झाकण आपटलं, लोक बाकांवर चढले. ओझेला मात्र त्याला सोडून मंचावरून खाली उतरली.

खेळ संपल्यावर तो मागच्या पायरीवर बसून तळलेला मासा खात होता. ती समोर उभी राहिली.

"हे सगळं ठरवून करतोस?"

"पायाचं बोटसुद्धा ठरवून हलवतो, आई. पियानोला काही झालं तर मालक त्याच्याऐवजी मला बडवेल."

तिला हसू आलं नाही. "आणि तो रविवार?"

कोणता, असं त्यानं विचारलं नाही. हातातला घास त्यानं कागदावर परत ठेवला.

"तेही सोंगच होतं."

"खोटं बोलू नकोस. तू जड होतास. माझे हात चुकत नाहीत."

"मी अंग सोडून दिलं होतं, आई. बाबा गेल्यापासून तू मला एकदाही जवळ घेतलं नव्हतंस. रडली नाहीस, बोलली नाहीस, नुसती कामं उपसत राहिलीस. पण चर्चमध्ये जो पडेल त्याला तू धरायचीस. मिसेस टॉलिव्हरनासुद्धा." त्यानं खाली बघितलं. "मग मीही पडलो."

आतून दुसऱ्या खेळाची हाक आली, तसा तो उठला. तिनं त्याला माशाच्या कागदासकट छातीशी ओढलं. गणवेशावर तेलाचा हा एवढा डाग पडला.

"आई, सोड. बोलावतायत."

"बोलावू देत," ओझेला म्हणाली.