खटक्या आणि रेघांचा कागद

मी एक जुना खटक्या आहे. मित्रांनो, दुकानात माझे नाव मोजणीयंत्र होते. पण अंगठ्याने दाबले की मी खट् वाजतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो, म्हणून या घरात मला हे नाव पडले. पोटात चार चाके आणि डोक्यावर बटण, एवढाच माझा संसार.

हे घर मासे वाढवणाऱ्या बाबांचे. मागच्या दाराबाहेर तिलापियाची दोन तळी आहेत. पिल्ले मोजायला बाबा मलाच घेऊन बसायचे. "खटक्या माझ्यापेक्षा शहाणा आहे," असे पाहुण्यांना सांगायचे आणि मी फुलून जायचो. पुढे एकदा मी पाण्यात पडलो. तेव्हापासून माझे शेवटचे चाक कधीमधी अडकते. खट् वाजते, पण आकडा हलत नाही. हे व्यंग मी लपवत नाही, कारण पुढचे दुःख त्याच्याच आडोशाने आले.

तिलापिया फार लवकर पिल्ले घालू लागतात आणि मग त्यांची वाढ खुंटते. म्हणून पिल्लांना सुरुवातीचे तीन आठवडे खाद्यातून हार्मोन देतात. त्याने जवळजवळ सगळे नर होतात आणि भराभर वाढतात. बाबांनी एका तळ्याच्या पिल्लांना साधे खाद्य दिले, दुसऱ्या तळ्याच्या पिल्लांना औषधाचे. पण त्या पिल्लांनी बाळसे धरलेले पाहून त्यांचा हात सैल सुटला. तीन आठवड्यांचे सात झाले, मापही वाढले.

"थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं?" ते म्हणायचे. "उलट अंगी लागेल."

त्यांची लेक रक्त तपासायला शिकून नुकतीच घरी परतली होती. मासे वीतभर झाल्यावर तिने दोन्ही तळ्यांतले काही धरले, शेपटीजवळून सुईने थेंबभर रक्त काढले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत सूक्ष्मदर्शक मांडला. तिचा डोळा भिंगाला, अंगठा माझ्यावर. एक तांबडी पेशी, एक खट्. साध्या तळ्याचे रक्त मोजताना तिचा अंगठा भरून येई. औषधाच्या तळ्याची मोजणी मात्र फार लवकर संपे.

"बाबा, यांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी आहेत," ती म्हणाली. "त्याच अंगभर प्राणवायू पोहोचवतात. निम्मे मासे आत्ताच काढा. चार दिवस कुंद हवा पडून पाण्यातला प्राणवायू घटला तर हे तग धरायचे नाहीत."

बाबांनी मला दोनचारदा दाबले. नेमका मी अडकलो.

"हे बघ, खटक्याच म्हातारा झालाय. आणि मासे बघ की, कसे पाटासारखे झालेत."

"मी कागदावर रेघा ओढूनही मोजलंय."

बाबांनी तो कागद हातात घेतला नाही. मी खिळ्यांच्या डब्यात गेलो आणि तिथे मला गंज चढला. जेवताना लेकीने तळ्याचा विषय काढणे सोडून दिले. गंजापेक्षा मला त्याचेच जास्त वाईट वाटले.

मग तीन दिवस आभाळ दाटून राहिले, वारा पडला. चौथ्या सकाळी बाबांनी डबा उघडला आणि मला तळ्यावर नेले. साध्या तळ्यातले मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते, पण जिवंत होते. लेक तिथे हवेचा पंप लावत होती. औषधाचे तळे पांढऱ्या पोटांनी भरून गेले होते. बाबा काठावर बसले, एकेक मासा टोपलीत टाकू लागले आणि दर माशाला मला दाबू लागले.

तीनशेबाराव्या माशाला मी अडकलो. बाबांनी तो मासा टोपलीतून परत उचलला, हातात धरून पाहिला आणि मला पुन्हा दाबले. लेक त्यांच्याजवळ येऊन बसली. ते म्हणाले, "तो रेघांचा कागद आहे का गं अजून?"

"आहे."

"दे मला."

मित्रांनो, आता मी खिडकीत त्याच कागदावर वजन म्हणून बसलेला असतो. समोर एक तळे रिकामे दिसते. मला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, एवढे मी मागतोच. पण आकडा आवडला नाही तर मला खुशाल फेकून द्या. मोजणारीचा कागद मात्र मासे जिवंत असतानाच हातात घ्या.