आनंदाचं दुसरं रहस्य

आमच्या बेटावर, मालेस्सो गावात, पाद्री बदलतात, तेचा बदलत नाही. कुणी गेलं की नऊ दिवस त्याच्या घरी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालवते ती तेचा, आणि चाळीस वर्षं आमची तेचा म्हणजे तान एंग्रासिया; वयस्क बाईला आम्ही तान म्हणतो. ती नाही म्हणाली की विषय संपला.

माझी भाची जोलीन, तिचं बाळ शनिवारी पोटातच गेलं. पाद्री म्हणाले, प्रार्थना करून माती देऊ. तान एंग्रासिया म्हणाली, बाप्तिस्मा नाही तर रोजरी नाही. झालं! जोलीनकडे ना कुणी खुर्च्या आणल्या, ना कुणी लाल भात शिजवला. पोर भिंतीकडे तोंड करून पडून होती. "मावशी, माझं बाळ गेलं कुठे?" एवढंच विचारायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. पण बारा वर्षं झाली, लाँड्रीत मशीन फिरत असते तोवर मी धर्मशास्त्र वाचते. मरियेवरचं, मिस्साविधीवरचं, मिळेल ते. बायका मला बिशपबाई म्हणतात. म्हणोत बापड्या. सोमवारी सकाळी मी पुस्तकं पिशवीत कोंबली आणि तानचं घर गाठलं.

ती अंगणातल्या स्वयंपाकघरात लिंबं कापत होती.

"आल्या बिशपबाई! आज काय, पोपना पत्र लिहायचंय?"

"तान, हे अंत्यविधीचं पुस्तक. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळासाठी यात वेगळी प्रार्थना आहे. वाचा."

"चष्मा नाही माझ्याकडे."

"डोक्यावर आहे तुमच्या."

तिनं चष्मा खाली ओढला, पान वाचलं आणि पुस्तक परत दिलं. "छापणारे काय, काहीही छापतात. माझ्या आईनं मला हे शिकवलं नाही."

मी पुस्तक मिटलं. रोजरीत रोज मरिया-येशूच्या आयुष्यातले पाच प्रसंग आठवतात, त्यांना आम्ही रहस्यं म्हणतो. "बरं, राहू दे. आज सोमवार, आनंदाची रहस्यं. दुसरं कुठलं?"

"मला विचारतेस? मला? मरिया एलिझाबेथच्या भेटीला जाते ते."

"आणि?"

"आणि मरियेचा आवाज ऐकून एलिझाबेथच्या पोटातलं बाळ आनंदानं उडी मारतं."

"त्या बाळाला बाप्तिस्मा कुणी दिला होता, तान?"

सुरी थांबली. जिंकले, असं मला वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुझं खरं असेल," ती हळूच म्हणाली, "तर मी काय करून बसले गं? किती दारांत नाही म्हणून आले मी."

मी पुस्तक पिशवीत टाकलं.

"बारा वाजता जोलीनकडे या," मी म्हटलं. "आधी ही रोजरी चालवा."

बाराला ती आली. काळा नव्हे, लहान बाळाच्या विधीला घालतात तसा पांढरा झगा घालून. तान निघाली म्हणताच मागून बायका आल्या, खुर्च्या आल्या, भाताचं पातेलं आलं. पहिलं रहस्य नेहमीसारखं पार पडलं. दुसरं पुकारून ती थांबली.

"हे जोलीनच्या बाळासाठी," ती म्हणाली. "मातिल्देच्या बाळासाठी. तिच्याकडे मी गेले नाही. कारमेलिताच्या बाळासाठी. तिला मी दारातूनच परत पाठवलं. रुफिनाच्या बाळासाठी..."

हातात कागद नव्हता. अकरा बाया तिला पाठ होत्या.

मागच्या खुर्चीवरून सत्तरीची रुफिना उठली. "मुलगी होती, तान. मी तिला लुर्डेस म्हणायचे. मनातल्या मनात."

"लुर्डेससाठी," तान म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. जोलीन चौकटीला धरून उभी होती.

"माझा मातेओ," ती म्हणाली.

"मातेओसाठी," तान म्हणाली, आणि आपल्या शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली.