वाकड्या पट्टीचा आकडा

चाचणीघरात दीर खुर्ची ओढून बसला, तेव्हाच तिनं ओळखलं की स्वारी नुसती चहाला आलेली नाही. एरवी वर्षभरात जितक्यांदा ‘वहिनी’ म्हणत नसे, तितक्यांदा तो त्या सकाळी दहा मिनिटांत म्हणाला.

त्याच्या पत्रा दाबायच्या प्रेसच्या चौकटीला तडा गेला होता. तो त्यानं स्वतःच्या हातानं वेल्डिंग करून बुजवला आणि ‘नव्यापेक्षा पक्की झाली’ म्हणून कारखानाभर सांगत सुटला. आता चाचणीघरानं पास केली तर प्रेस चालू, नाहीतर भंगारात. सही तिची.

“वहिनी, डिंक्यानं पट्टी वाकडी चिकटवलीय. चांगली पंधरा अंश! वाकड्या पट्टीचा आकडा सरळ कसा येईल? चाचणी रद्द, एवढंच लिहा. फेरचाचणी होईपर्यंत प्रेस चालवता येते.”

डिंक्या म्हणजे ताण मोजायच्या पट्ट्या चिकटवणारा, निवृत्तीला टेकलेला गडी. तो कोपऱ्यातून म्हणाला, “वाकडी चिकटली, कबूल. पण साहेब, नाचता येईना अंगण वाकडं, असं नका करू.”

तिनं कागद ओढला. पट्टी तीन दिशांना मोजते. त्या तीन आकड्यांवरून लोखंडात कुठल्याही दिशेला जास्तीत जास्त ताण किती, ते काढायचं. त्यालाच प्रमुख ताण म्हणतात. पट्टी सरळ धरून तिनं हिशेब केला : एकशे अठ्ठेचाळीस. मग वाकडी धरून केला : एकशे अठ्ठेचाळीस. दिशा तेवढी बदलली, बावीस अंशांची सदतीस झाली. चालवून घेण्याजोगा ताण होता फार तर एकशे वीस.

“पट्टी कशीही फिरवा, भाऊजी. ती कशी चिकटलीय हे लोखंडाला कुठं ठाऊक असतं?”

दीरानं दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “दादा असता तर माझ्यासाठी त्यानं एवढं केलं असतं.”

नवरा जाऊन आठ महिने झाले होते. हे वाक्य कुठंतरी लागायला हवं होतं. तिनं क्षणभर वाट पाहिली. काही लागलं नाही.

“केलं असतं,” ती म्हणाली. “तो भिडस्तच होता. प्रेसखाली उभं कोण राहणार?”

“मीच. दुसरं कोण?”

तिनं एकशे अठ्ठेचाळीस लिहिलं, खाली ‘नापास’ लिहिलं, सही केली. शाई वाळेपर्यंतही तो थांबला नाही. “यापुढे घरी येणं-जाणं बंद समजा,” म्हणाला आणि गेला. चहा तसाच राहिला.

डिंक्यानं हळूच विचारलं, “फारच लागलं का हो त्यांना?”

“हो.”

“आणि तुम्हाला?”

तिनं प्रामाणिकपणे आत चाचपून पाहिलं.

“अजून नाही,” ती म्हणाली, आणि पुढच्या चाचणीचा कागद घेतला.