मोहीम अंगाला बसवताना

मी एक मोहीम बोलतेय. छापील, जाड पुठ्ठ्याची, पोटात घडीचा नकाशा बाळगणारी. चार माणसं टेबलाभोवती बसून खेळतात ना, त्या खेळाची मी तयार गोष्ट. एक जण सूत्रधार होतो, मला हातात धरतो आणि सांगतो, समोर नदी आहे, अंधार पडलाय, काय करता? बाकीचे एकेक पात्र होऊन उत्तर देतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. एवढं कळलं तरी पुरे, बाकीचं ओघात येईल.

छापखान्यात माझ्या कितीतरी बहिणी माझ्याबरोबरच जन्मल्या. सगळ्यांच्या पोटात एकच गोष्ट: पाण्याखाली गेलेला किल्ला, त्यात अडकलेली राणी, तिला सोडवायला निघालेले शूर लोक. शेवटसुद्धा सगळ्यांचा एकच. तेव्हा मला वाटायचं, आपल्याला आपलं सगळं ठाऊक आहे. आता हसू येतं.

पहिल्या मालकाने मला हौसेने आणलं, नव्या कागदाचा वास घेतला, चित्रं बघितली आणि फळीवर ठेवून दिलं. घर बदलताना जुन्या पुस्तकांच्या दुकानात देऊन टाकलं. न वाचलेल्या गोष्टीला कसं वाटतं विचाराल, तर नटूनथटून बसावं आणि बोलावणंच येऊ नये, तसं.

तिथून मला सूनबाईने उचललं. घरातले बाबा, म्हणजे तिचे सासरे, तिला याच नावाने हाक मारायचे, म्हणून मीही तेच म्हणते. कपड्यांच्या एका दुकानात मागच्या खोलीत ती तयार कपडे गिऱ्हाइकाच्या अंगाला बसवून द्यायची. पँटची उंची कमी कर, कंबर आवळ, बाही सोड. म्हणायची, "रेडीमेड माल जसाच्या तसा कुणाला बसतो का?"

तोच न्याय तिने मला लावला. पहिल्याच दिवशी माझ्यावर पेन्सिल चालली. राणीच्या घराण्याचा इतिहास पानंच्या पानं होता, तो तिने आडव्या रेघेने उडवला. "इथे घेर फार आहे." पुलावर राक्षस होता, तिथे तिने टोलनाक्यावरचा कारकून बसवला, कारण तिच्या नवऱ्याला राक्षसापेक्षा त्याचीच चीड जास्त. नवं काही लिहिलं की चिठ्ठी माझ्या पानाला टाचणीने टोचायची. दुखायचं हो. पण खरं सांगू? मला मजाही वाटायची. आपल्याच पोटात उद्या काय निघेल याची उत्सुकता मला आयुष्यात प्रथमच लागली.

हा सगळा खटाटोप होता बाबांसाठी. बाबा जन्मभर बस चालवत आले. बायको गेली तेव्हापासून जेवणाचं ताटसुद्धा आपल्या खोलीत नेऊ लागले. बोलायला गेलं तर "ठीक आहे" यापलीकडे शब्द नाही. नवऱ्याची बहीण दर रविवारी दुपारी यायची, बंद दाराकडे बघून डोळे पुसायची आणि परत जायची. मग सूनबाईने हा खेळ काढला. चौथा माणूस नाही, अडलंय, असं खोटंच सांगून बाबांना टेबलाशी आणलं.

बाबांचं पात्र होतं एक ढालकरी. पण पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "किल्ल्याला जायचं ते कुठल्या रस्त्याने?" दुसऱ्या रविवारीही तेच. मग त्यांची मुलगी, म्हणजे सूनबाईची नणंद, त्यांच्या ढालकऱ्याला ड्रायव्हरच म्हणू लागली.

आता नावाडिणीचं सांगते, कारण खरी गंमत आणि खरा घोळ तिथेच आहे.

माझ्या सुरुवातीच्या एका पानावर दोन ओळींची एक नावाडीण आहे. घाटावर बसते, भाडं घेऊन नदीपार सोडते. बस, इतकंच. सूनबाईला वाटलं, बिनचेहऱ्याची बाई आहे, हिला जरा आपल्या घरचं करू. तिने तिला सासूबाईंचं बोलणं दिलं. नाव नाही दिलं, नुसती ढब. ढालकरी होडीपाशी आला तशी सूनबाई म्हणाली, "आधी बसा तर. उभ्याउभ्या काय बोलायचं?" आणि उत्तर द्यायच्या आधी चष्मा काढून, सासूबाई पदराने पुसायच्या तसा, ओढणीने सावकाश पुसला.

बाबांनी मान वर केली.  त्या दिवसापासून ढालकऱ्याला घाटावर सारखं काम निघू लागलं. होडीला गळती आहे का बघून येतो. वल्हं विसरलं वाटतं. मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, चेष्टा करायचा, "बाबा, राणी बुडतेय तिकडे!" बाबा म्हणायचे, "ती इतकी वर्षं बुडतेय, अजून घटकाभर बुडेल." त्या रविवारपासून ताटही टेबलावर आलं.

आणि मी? माझा जीव टांगणीला. कारण सूनबाई मला रविवारपुरतीच वाचायची, पुढची पानं तिने उलगडलीच नव्हती. कापड पूर्ण पसरून बघितल्याशिवाय कात्री न लावणारी ही बाई माझ्या बाबतीत मात्र बिनधास्त कापत सुटली होती. पुढे छापलं होतं की घरभेदी हीच नावाडीण. शत्रूकडून सोनं घेते, भर नदीत वल्हं टाकते आणि सगळ्यांना भोवऱ्यात सोडून पोहत निघून जाते.

सूनबाईच्या नजरेस ते पडलं दुकानात, दुपारच्या सुट्टीत. तिने ओळ पुन्हा वाचली आणि डबा तसाच झाकून ठेवला.

संध्याकाळी नणंदेला फोन लावला.

"अगं, खोडून टाक ना वहिनी. तुझंच पुस्तक आहे."

"खोडून कसं चालेल? आपल्यात कुणी घरभेदी आहे, याच्या खुणा मी वाचून दाखवल्यात, घाटावरची ओली पावलं. रात्री कुणीतरी पलीकडच्या काठाला दाखवलेला दिवाही. एक धागा ओढला की अख्खं उसवतं."

"मग दुसऱ्या कुणाला कर घरभेदी. त्या टोलवाल्याला कर."

"बाबांना कळणार नाही वाटतं? त्यांना लहान मुलासारखं खेळवतोय असं वाटलं, तर परत खोलीत जाऊन बसतील. आणि जसंच्या तसं ठेवलं, तर आईंना मी घरभेदी केलं!"

 मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण पुढच्या रविवारी तो सरळ बोलून गेला, "बाबा, मला तर वाटतं घरभेदी ती नावाडीणच आहे हो."

"गप रे. तू तिला किती ओळखतोस?"

बाबांचा आवाज इतका चढला की फासा टाकायचाच राहिला.

मग तो रविवार आला. मी टेबलावर उघडी. सूनबाईने 'सोन्यासाठी' या शब्दावर रेघ मारली होती, पण वर काहीच लिहिलं नव्हतं. चिठ्ठी नाही, टाचणी नाही. मी विचार करकरून थकले, ही आता काय करणार?

होडी मध्यावर आली. सूनबाई म्हणाली, "नावाडीण वल्हवायची थांबते."

"का थांबलीस?" बाबांनी विचारलं.

"आधी बसा तर."

"बसलोय. पलीकडे दिवा कुणाला दाखवत होतीस?"

 सूनबाईचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. ती काच पुसू लागली.

"विचारलं की चष्मा पुसायचा," बाबा म्हणाले. "तेव्हाही हेच. डॉक्टरकडे जाऊन आलीस आणि मला सांगितलंस, बाजारात गेले होते."

मुलगा फासा हातात घेऊन तसाच राहिला. लेकीने सूनबाईकडे बघितलं. बाबा, हा खेळ आहे हो, असं म्हणायला सूनबाईला तेवढी एकच संधी होती. तिने ती सोडली. चष्मा खाली ठेवला आणि नावाडिणीच्या आवाजात विचारलं, "सांगितलं असतं, तर काय केलं असतंत?"

"रजा टाकली असती." बाबा म्हणाले. "कधी टाकली नाही. तेव्हा टाकली असती. बसलो असतो घरी, तुझ्यापाशी."

"आणि दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत राहिला असतात. सुखाने आजारी तरी पडू दिलं असतंत का?"

 बाबांच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला. "नसतं दिलं," म्हणाले. "पण सांगायला हवं होतंस."

"हो. चुकलं माझं."

देवाशपथ सांगते, यातला एक शब्द माझ्यात छापलेला नाही.

लेकीने नाक पुसत विचारलं, "मग आता होडीचं काय? भोवरा आलाय ना?"

"वल्हं इकडे दे," बाबा म्हणाले. "ती बसेल मागे. खूप दमलीय."

त्यांनी फासा टाकला. आकडा कमी पडला. होडी भोवऱ्यातून निसटली खरी, पण किल्ला उजवीकडे राहिला आणि प्रवाह त्यांना खाली घेऊन गेला. खाली, माझ्या नकाशाच्या कडेपर्यंत, आणि कडेच्याही पलीकडे. सूनबाईने माझी पानं पुढे उलटली, मागे उलटली. मग मला अलगद मिटलं.

तेव्हापासून माझी शेवटची दोन प्रकरणं कोरी करकरीत आहेत, पेन्सिलचा ठिपका नाही. राणी अजून पाण्याखालीच; पुढचं सगळे मनानेच रचत खेळतात. मी खिडकीजवळच्या स्टुलावर असते, कधी माझ्यावर चहाचा कप ठेवतात. त्याचा राग नाही. पण रविवारी दुपारी बाबा सगळ्यांच्या आधी खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "हं, सूनबाई, कुठपर्यंत आलो होतो?" तेव्हा मात्र माझा जीव वरखाली होतो. कारण ते मलाच ठाऊक नसतं.

एवढंच मागणं आहे माझं. मला उघडू नका हवं तर, पण जरा मोठ्याने खेळा. मलाही ऐकू येऊ दे.